डीएसचा लाईट चार दिवस नुसता लुकलुकतोय, टीव्ही मात्र झकास चालू. मोडेम गेला का लाईन?

वाड्यातला_बंड्या
मंडळी नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, जुनं घर आहे, खाली वाडा आणि वर दोन मजले मागाहून चढवलेले. इंटरनेट केबलचं, म्हणजे टीव्हीच्या त्या काळ्या वायरीतून येतं ते, फायबर नाही. शनिवारी संध्याकाळी वळवाचा मोठा पाऊस झाला, गारा पडल्या, दोन तास लाईट गेली आणि आल्यापासून मोडेमचं डोकं फिरलंय. पॉवरचा दिवा हिरवा, त्याच्या शेजारी डीएस लिहिलेला दिवा सारखा लुकलुकतोय, यूएस आणि ऑनलाईन दोन्ही विझलेले. दहा वेळा बंद-चालू केला, मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट केला, शेजाऱ्याचा ॲडॉप्टर लावून बघितला, काही नाही. केबलवाल्याचा पोरगा आला, टीव्ही लावून बघितला, म्हणाला लाईन ओके हाय, मोडेम गेलाय, २५०० लागतील, आणि चहा पिऊन गेला. मी घरातनंच लक्ष्मीपुरीतल्या दोन-तीन व्यापाऱ्यांचं टॅली बघतो, २० तारखेच्या आत सगळ्यांचं थ्रीबी (जीएसटीचं रिटर्न) भरायचंय, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कसंबसं चाललंय. मोडेम देवघराच्या शेजारच्या फळीवर आहे, आई म्हणते देवाजवळ हे काय सारखं डोळा मारालंय, फडकं टाक त्याच्यावर. २५०० घालू का आधी आणखी काही बघू?

फायबर_घे_भावा
अजून केबल मोडेम? नाद खुळा. फायबर घे भावा.

वाड्यातला_बंड्या
@फायबर_घे_भावा घेतलं असतं की. फायबरवाला दोनदा येऊन बघून गेला. बोळात खांब नाही, वायर समोरच्यांच्या भिंतीवरनं आणावी लागते आणि ते खिळा मारू देत नाहीत. त्यांचा आमचा दावा माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. केबलची वायर भांडणाच्या आधी आलेली म्हणून टिकली.

पांढरा_रस्सा
म्हणजे ही वायर वारसाहक्कानं मिळालेली हाय. सातबाऱ्यावर चढवून घे.

मीरा_ताराबाईपार्क
एलओएस असं लिहिलेला दिवा लाल आहे का बघा. आमच्याकडे तसंच झालं होतं, वायर दुमडली होती, सरळ केल्यावर लगेच चालू झालं.

केबलकाका
मीराताई, एलओएस फायबरच्या डब्यावर असतो, यांच्या मोडेमवर तो दिवाच नाही. ह्यांचं सगळं तांब्याच्या वायरीतलं.

बंडोपंत, २५०० खिशात ठेवा. मी वीस वर्षं याच धंद्यात खांबावर चढून काढलीत, आता गुडघे चढू देत नाहीत म्हणून इथं बसून बोलतो. डीएस म्हणजे डाउनस्ट्रीम, वरून तुमच्याकडे येणारा सिग्नल. मोडेम चालू झाला की त्याला आपलं स्टेशन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते माहीत नसतं. जुन्या रेडिओचं बटण फिरवत आकाशवाणी शोधायचो तसा तो साधारण १०८ पासून ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत एकेक चॅनेल चाचपत जातो. मागच्या वेळी जिथं सापडलं ते लक्षात ठेवतो आणि पहिल्यांदा तिथंच बघतो. तुम्ही टाचणी घालून ती आठवण पुसली, म्हणजे आता बिचारा पहिल्यापासून शोधतोय. डाउनस्ट्रीम पकडल्यावर, ह्यालाच लॉक म्हणतात, मग तो वर ओरडून सांगतो मी आलोय, तो यूएसचा म्हणजे अपस्ट्रीमचा दिवा, मग आयपी पत्ता, मग सेटिंगची फाईल, आणि शेवटी ऑनलाईन. रिचार्ज, थकबाकी, मॅक नंबर (मोडेमची ओळख) हे सगळं त्यानंतरचं. तुमची गाडी पहिल्याच पायरीवर अडकलीय, म्हणजे कस्टमर केअरला फोन करून "सर आपका प्लॅन ॲक्टिव है" ऐकण्यात अर्थ नाही. एक तर सिग्नल मोडेमपर्यंत नीट पोचत नाही, नाहीतर मोडेमचा कान गेलाय.

तीन गोष्टी सांगा. मोडेमला लॅपटॉप वायरीनं जोडून १९२.१६८.१००.१ उघडा, नेट नसलं तरी ते पान उघडतं, त्यात डाउनस्ट्रीमचे आकडे बघा. दुसरं, खांबापासून मोडेमपर्यंत वायरीला फाटे किती, म्हणजे एकीच्या दोन करणारे स्प्लिटर किती? तिसरं, अलीकडे गच्चीवर काही काम काढलं होतं का?

उजळाईवाडी_एक्सप्रेस
काकांचा मान राखून, पण टीव्ही चालतोय म्हणजे वायर चांगली आहे ना? त्याच वायरीतून दोन्ही येतं. वीज कडाडली, मोडेमचा ट्यूनर, म्हणजे काकांचा तो कान, उडाला, विषय संपला. माझा असाच गेला होता मागच्या वर्षी, नवीन लावला आणि पाच मिनिटांत चालू.

केबलकाका
ट्यूनर उडतो, नाही म्हणत नाही. पण टीव्ही चालतो म्हणून वायर चांगली हे काही खरं नाही. वायर एकच असली तरी आतल्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या, टीव्हीचे चॅनेल वेगळ्या जागी, नेटचं वेगळ्या. पाणी शिरलं की वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात, खालच्या तग धरतात. मधली तार सैल असेल तर उलटं, खालच्या जातात आणि वरच्या चालतात. शिवाय पूर्वी ॲनालॉग टीव्हीला लाईन खराब झाली की मुंग्या यायच्या, आपल्याला घरबसल्या कळायचं. आता सेटटॉप बॉक्स शेवटपर्यंत स्वच्छ चित्र दाखवतो आणि एकदम कोसळतो. त्या पोरानं एक चॅनेल लावून बघितलं आणि निकाल दिला. बॉक्सच्या मेनूत सिग्नल स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी दिसते, दहा-बारा चॅनेलवर जाऊन ती बघायची. सिग्नल मोजायचा मीटर नसला की बॉक्स हाच गरिबाचा मीटर.

गंगावेशीतली_म्हैस
आमच्या इथं दूध कट्ट्यावर असला लफडा नाही. म्हशीचं डाउनस्ट्रीम थेट ग्लासात, लॉक लगेच, फेसासकट.

पांढरा_रस्सा
@गंगावेशीतली_म्हैस आणि अपस्ट्रीम? 😂

गंगावेशीतली_म्हैस
ते शेणाचं खातं वेगळं हाय.

वाड्यातला_बंड्या
काका, पान उघडलं. डाउनस्ट्रीम चॅनेल: नॉट लॉक्ड. पॉवर, म्हणजे सिग्नलचा जोर, ० डीबीएमव्ही, एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या मानानं सिग्नल किती ठळक ते, ०. इथंच कुठंतरी वाचलं होतं की शून्य पॉवर म्हणजे एकदम उत्तम, मग? खाली लॉगमध्ये लाल अक्षरात एकच ओळ पन्नास वेळा आलीय, सिंक टायमिंग सिंक्रोनायझेशन फेल्युअर, पुढं क्वाम सिम्बॉल टायमिंग असं काहीतरी.

स्प्लिटर एकच, जिन्याजवळ, एक वायर टीव्हीला आणि एक मोडेमला. गच्चीवर काम म्हणाल तर काही नाही, एप्रिलमध्ये फक्त वॉटरप्रूफिंग करून घेतलं, पण त्यानंतर महिनाभर नेट व्यवस्थित चालू होतं.

केबलकाका
ते शून्य म्हणजे मोजलेलं शून्य नाही, मोजताच आलं नाही म्हणून ठेवलेलं शून्य. पेपर कोरा सोडला तरी शून्यच मिळतात ना, तसं. लॉक झाल्यावर शून्याच्या आसपास आकडा आला तर मात्र खरंच उत्तम. नियमाप्रमाणे मोडेमनं साधारण उणे १५ ते अधिक १५ पर्यंत चालवून घ्यायला पाहिजे, पण उणे ७ ते अधिक ७ मध्ये ठेवला की रात्री झोप लागते. एसएनआर २५६ क्वामला (नेट सिग्नलवर चढवायची पद्धत) ३० च्या वर पाहिजेच, ३३ च्या पुढं निवांत.

लॉगमधली ओळ मी सांगितलं तेच सांगतेय, सिग्नल पकडता येईना. आणि "फक्त वॉटरप्रूफिंग" हे तुम्ही ज्या सहजपणे लिहिलंय ना, ते वाचून माझे कान टवकारले.

इचलकरंजीचा_माग
माझा किस्सा सांगतो, उपयोग होईल. आमच्याकडं मेव्हण्यानं हौसेनं स्प्लिटर बदलून दिला, चकचकीत, सोनेरी पिना. दुसऱ्या दिवसापासून मोडेम असाच आंधळा. तीन दिवस आम्ही केबलवाल्याला शिव्या घालत होतो. शेवटी चष्मा लावून स्प्लिटरवर काय छापलंय ते वाचलं, ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ. ते डिशच्या छत्रीचं सामान! छत्रीतनं खाली येणारा सिग्नल त्या पट्ट्यात असतो, केबलचा सगळा कारभार त्याच्या खाली. दिसायला एकसारखे, पिना एकसारख्या, दुकानदारानं पण बघितलं नाही. पाचपासून हजारपर्यंत छापलेला साधा स्प्लिटर लावला आणि चालू. मेव्हणा अजून मान्य करत नाही.

मीरा_ताराबाईपार्क
मेव्हणे कधीच मान्य करत नाहीत. हा वेगळा धागा काढा.

न्यूजर्सीकर
मी राजारामपुरीचा, सध्या जर्सीला. याच विषयावर माझाही एक पराक्रम आहे. इथला चांगला मोडेम सुट्टीत घरी नेला, बाबांना म्हटलं घ्या, अमेरिकन माल. केबलवाल्यानं जोडला, तीन तास डीएस लुकलुकत राहिला. मागाहून कळलं की अमेरिकेत एक चॅनेल ६ मेगाहर्ट्झ रुंद आणि आपल्याकडे युरोपसारखा ८ चा. केबलवरच्या नेटच्या पद्धतीला डॉक्सिस हे एकच नाव पण घडण वेगळी. तो मोडेम सहाच्या मापाचं भोक घेऊन फिरत होता, आठचा खुंटा त्यात बसणार कुठून.

केबलकाका
अगदी बरोबर. परतीचा रस्ताही वेगळा, तिकडे जुन्या पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, इकडे ५ ते ६५. अमेरिकेतनं चॉकलेट आणा, मोडेम नको.

उजळाईवाडी_एक्सप्रेस
मी अजून मोडेमवरच ठाम आहे. बंड्या, काका तुला वाड्याच्या सगळ्या भिंती खोदायला लावणार.

दिलबहारचा_फॅन
नेट नाही म्हणजे शाहू स्टेडियमची फुटबॉल मॅच पण मोबाईलवर बघितली असशील. बरंच झालं, पाटाकडील तालमीच्या टीमला तसं पण मोठ्या स्क्रीनवर बघण्यासारखं काय नव्हतं.

पांढरा_रस्सा
आला बघा हा. इथं मोडेम लॉक होईना आणि ह्याला गोल दिसालेत.

वाड्यातला_बंड्या
मी शिवाजी पेठेतला, तू मला दिलबहार सांगायलास? नेट येऊ दे मग बघतो तुला.

काका, बॉक्सवर बघितलं. आईची मालिका लागते त्या चॅनेलला क्वालिटी ८५-९० टक्के. पण काही चॅनेलला ४० आणि तीन चॅनेल लागतच नाहीत, ते आम्ही कधी बघतच नाही म्हणून कळलं नाही. आईचं चॅनेल चालू आहे म्हणजे जग चालू आहे असं आमच्या घरात धरतात.

आणि आज दुपारी पंधरा सेकंद मोडेम लॉक झाला! पान रिफ्रेश करत बसलो होतो म्हणून दिसलं. पॉवर उणे १७, एसएनआर २४. मग परत गेला.

केबलकाका
झालं की मग. मोडेम मेलेला नाही, उपाशी आहे. उणे १७ वर २४ एसएनआर म्हणजे पकडून पकडून हातातनं निसटणारच.

आता हे करा. वायर ओढत बसू नका, मोडेमच उचला. वाड्यात वायर शिरते त्या गच्चीवरच्या टोकाला मोडेम आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन जा, स्प्लिटर नाही, काही नाही, येणारी वायर थेट मोडेमला. तिथं लॉक झाला तर केबलवाल्याची बाजू बरोबर, लोचा तुमच्या घरात. तिथंही नाही झाला तर त्या पोराला बोलवा आणि चहा देऊ नका. अट एकच, पाऊस नसताना आणि गच्ची कोरडी असताना. आणि खांबावरच्या डब्याला हात लावायचा नाही, ॲम्प्लिफायरला त्याच वायरीतनं एसी पॉवर जात असते.

उजळाईवाडी_एक्सप्रेस
पंधरा सेकंद लॉक झाला असेल तर... बरं. मागे घेतो. माझा नवीन मोडेम चालू झाला तो त्या पोरानं त्याच वेळी जॅक पण बदलला होता, आत्ता आठवलं.

मीरा_ताराबाईपार्क
@उजळाईवाडी_एक्सप्रेस म्हणजे तुमचे पैसे...

उजळाईवाडी_एक्सप्रेस
ताई, राहू दे.

वाड्यातला_बंड्या
रात्री साडेनऊ. सविस्तर लिहितो.

संध्याकाळी ऊन असताना वर गेलो. शेजारच्या गच्चीवरनं पोरं विचारायला लागली काय दादा, पतंग काय. थेट वायर लावली, तीन मिनिटांत डीएस स्थिर, मग यूएस, मग ऑनलाईन. पॉवर अधिक ६, एसएनआर ३७. गच्चीवर उभा राहून एक थ्रीबी भरून टाकलं, म्हटलं संधी सोडायची कशाला.

मग खाली जिन्याजवळ स्प्लिटरच्या आधी लावून बघितला, नाही. म्हणजे गच्ची ते जिना ह्या वीस-बावीस मीटरमध्येच काहीतरी. वायर पॅरापेटच्या कडेनं जाते आणि टाकीच्या मागे वॉटरप्रूफिंगच्या त्या पांढऱ्या थराखाली शिरते. बोटानं चाचपत गेलो तर एका ठिकाणी गाठ लागली. वरचा थर स्क्रूड्रायव्हरनं खरवडला तर आत काळा टेप. टेप सोडवला तर वायर कापलेली! कामगारांच्या करवतीनं का कशानं तुटली असणार, आणि त्यांनी गुपचूप आतली तार आतल्या तारेला, बाहेरची जाळी जाळीला, विजेच्या वायरीसारखी पीळ मारून जोडली, वर टेप, त्याच्यावर केमिकलचा थर. टेप काढल्यावर चमचाभर पाणी सांडलं. मधली तार काळी पडलेली, चंदेरी फॉईलचा पांढरा भुगा झालेला, बोटाला पिठीसारखा लागला.

महिनाभर कोरडं होतं म्हणून ते चाललं. पहिल्या वळवात गेलं.

केबलकाका
😀 पीळ मारून टेप. बावड्यापासून कळंब्यापर्यंत निम्म्या गच्च्यांवर हेच सापडतं. ह्या वायरीचं गणित ७५ ओहमवर आहे, मधल्या तारेपासून जाळीपर्यंतचं अंतर सगळीकडे सारखं राहिलं तरच सिग्नल सरळ जातो. पीळ मारला की तिथं तो आपटून त्यातला काही मागं फिरतो. त्यात पाणी.

आता नुसती गाठ कापून जोडू नका. जाळी म्हणजे समईची वात, पाणी ओढत आत जाते. दोन्ही बाजूंना स्वच्छ चकचकीत तांबं आणि कोरडी फॉईल दिसेपर्यंत कापत जा, फूट-दोन फूट गेली तर जाऊ दे. खरं तर तो सगळा तुकडा काढून नवीन आरजी-६ (ह्याच केबलची वायर) एकसंध टाका, जोडच नको. वीस मीटर वायरीत वरच्या फ्रिक्वेन्सीला चारेक डीबी जातील, स्प्लिटरमध्ये साडेतीन, तरी तुमच्याकडे भरपूर उरतो.

जॅक लावताना जाळी मागं उलटी दुमडायची, तिचा एक केस जरी मधल्या तारेला शिवला तरी खेळ खलास. मधली तार जॅकच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर. फिरवून बसवायचे जॅक घेऊ नका, दाबून बसवायचे घ्या. आणि घरात शिरायच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, पाणी तिथनं टपकेल, घरात येणार नाही.

इचलकरंजीचा_माग
झोळ! आमच्याकडं वायर सरळ उतारानं घरात येते, पावसाळ्यात सॉकेटमधनं पाणी येतं. आत्ता कळलं का.

फायबर_घे_भावा
फायबरमध्ये पाणी शिरत नाही 😌

केबलकाका
फायबर उंदीर खातो. मी दोन्ही जोडलंय बाळा.

पांढरा_रस्सा
पाण्याचं कोल्हापूरकरांना सांगू नका. २०१९ ला शाहूपुरीत आमच्या दुकानात पाणी होतं, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा ४३ ला धोका हे पोरं पाढ्यासारखं म्हणत होती. मोडेम माळ्यावर टाकून जीव वाचवला त्याचा. चालू हाय अजून.

मीरा_ताराबाईपार्क
त्या वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन केलात का?

वाड्यातला_बंड्या
केला ताई. म्हणाला "वायर आमच्याकडनं नाही तुटली, तुटलेलीच होती, आम्ही उलट जोडून दिली." ह्यावर काय बोलणार.

केबलवाल्याच्या पोराला पण फोटो पाठवला. तो दुसऱ्या दिवशी नवीन वायर, दाबायचं मशीन आणि चांगले जॅक घेऊन आला, अर्ध्या तासात सगळी लाईन नवीन टाकून दिली, वायरीचेच तेवढे पैसे घेतले. जाताना म्हणाला दादा, त्या दिवशी सहा कंप्लेंटी होत्या, गच्चीवर चढायचं राहिलं. चहा दिला.

केबलकाका
बरं केलंत. आता खोलीतले आकडे टाका, त्याशिवाय मी जेवत नाही.

वाड्यातला_बंड्या
फ्रिक्वेन्सी ७७८ मेगाहर्ट्झ, पॉवर उणे १.५, एसएनआर ३६, अपस्ट्रीम ४३. कालपासून एकदाही तुटलं नाही. बॉक्सवर ते तीन चॅनेल पण लागले, तिन्ही खरेदी-विक्रीचे निघाले.

केबलकाका
७७८ म्हणजे वरच्या अंगाचाच. तरीच पाण्यानं आधी तोच गेला. ह्या आकड्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी बिघडलं की ताडून बघायला.

न्यूजर्सीकर
काका, तो माझा सहाचा मोडेम बाबांनी अजून शोकेसमध्ये ठेवलाय. त्याचं काही होईल का?

केबलकाका
ॲडॉप्टर काढून घ्या. १२ व्होल्टचा असेल तर १२ व्होल्टच्याच दुसऱ्या डब्याला चालू शकतो, फक्त अँपिअर, पिनेचं माप आणि प्लस-मायनस बघा.

दिलबहारचा_फॅन
नेट आलं म्हणे. आता बघ मॅच. 😏

वाड्यातला_बंड्या
बघणार. काका, गंगावेशीत दूध माझ्याकडनं, वार तुम्ही सांगा.

आणि आत्ताची गंमत, लिहिल्याशिवाय राहवत नाही. आई देवघरात दिवा लावायला आली, मोडेमकडे दोन मिनिटं बघत उभी राहिली, आणि मला आतनं हाक मारली, "अरे बंडू, हे लुकलुकायचं बंद झालंय बघ. परत बिघडलं काय?"